घडलं कधी, कळलं कधी : कोकणातल्या घरातून युद्धाची कादंबरी लिहिताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दापोली तालुक्यातलं एक घर, काळ १९३९ ते १९४६. थोरला मुलगा मराठा पलटणीत, धाकटा मुंबईला गिरणीत, बाकीची माणसं गावात. दीडशे पानं लिहून झाली आहेत आणि वाचणारे विचारतात, यात युद्ध कुठाय? म्हणून तुम्ही प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी युरोपात काय चाललं होतं याचा एक परिच्छेद घातलात. आता तेच वाचणारे म्हणतात, शाळेचं पुस्तक वाटतंय. गावात बॉम्ब पडला नाही, फौज आली नाही, मग युद्ध दाखवायचं कसं? आणि रणांगणावरची प्रकरणं घालावीत का?

ते परिच्छेद काढून टाका, हे आधी सांगतो. मात्र ते काढल्याने प्रश्न सुटणार नाही. तुम्ही प्रकरणं लढाईच्या तारखांवर टांगली आहेत, आणि घरातल्या माणसांना त्या तारखा ठाऊकच नव्हत्या. उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक पडलं त्या दिवशी तुमच्या गावात काहीच झालं नाही. जे झालं ते पुढे केव्हातरी, पोस्टमन अंगणात आला तेव्हा. कोकणातल्या घरातून युद्ध लिहायचं तर घटनेची तारीख बाजूला ठेवून बातमीची तारीख धरावी लागते. नवोदितांच्या हस्तलिखितांत सर्वांत जास्त दुरुस्ती मला इथेच करावी लागते.

त्यासाठी एक साधा तक्ता करा. मोठ्या कागदावर तीन रकाने आखा : घडलं, कळलं, पटलं. पहिल्यात इतिहासाच्या पुस्तकातली तारीख. दुसऱ्यात ती गोष्ट तुमच्या घरात कधी, कोणाकडून आणि किती मोडतोड होऊन आली ते. तिसऱ्यात घराने ती खरी मानली कधी. प्रसंग दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातून उचला. पहिला रकाना फक्त तुमच्यासाठी, तो पानावर उतरता कामा नये.

उदाहरण तुमच्याच कथानकातलं घेऊ. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण टोब्रुकला होती. २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडलं आणि तीस हजारांहून जास्त सैनिक कैद झाले, त्यांत ही पलटणही गेली. तुमचा थोरला या पलटणीत असेल तर हा पहिला रकाना. आता दुसरा भरा. जून अखेर म्हणजे मृग संपून आर्द्रा लागलेली. बोटी बंद. हर्णै-दाभोळला आगबोट लागत नाही, गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारलेली. टपाल येणार ते घाटावरून, कुंभार्ली उतरून, नाले फुगले नसतील तर. त्या साली ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे सगळे सण पुढे गेले आणि नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आली. मधल्या काळात ९ ऑगस्टला पुढारी पकडले गेले, मुंबईत गोळीबार झाला. म्हणजे गाव त्या वेळी वेगळ्याच बातमीने ढवळून निघालेलं होतं. या गदारोळात ‘बेपत्ता’ एवढाच अर्थ असलेला सरकारी कागद घरी येतो, तोही इंग्रजीत. तो वाचणार कोण? शाळामास्तर, पोस्टमास्तर किंवा खोताच्या घरचा कोणी शिकलेला. कोणाकडे न्यायचा, यातच गावाची उतरंड आली. कुळाच्या घरातली बाई तो कागद घेऊन खोताच्या ओटीखाली उभी राहते, तेव्हा युद्ध गावात आलेलं असतं.

तिसरा रकाना याहून लांबतो. कैदी इटलीत नेले गेले. आवेझानोसारख्या छावण्यांत हिंदी सैनिक होते. तिथून रेडक्रॉसमार्फत दोन ओळींचं कार्ड यायला कित्येक महिने जात. मग ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. काही कैदी निसटून डोंगरात गेले, काहींना जर्मनांनी उत्तरेला हलवलं, आणि पत्रं पुन्हा थांबली. म्हणजे एकदा ‘आहे’ म्हणून कळलेला माणूस दुसऱ्यांदा ‘नाही’ होतो. घरातल्या बाईचं कुंकू, सासऱ्याचं मन, दिराचं लग्न सगळं या दोन टोकांमध्ये अडकतं. दीडशे पानांचा मजकूर इथेच आहे, बर्लिनला जायची गरज नाही.

बातमी नेहमी उशिराच येते असं मात्र धरू नका. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, शिवाय कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले. सेन्सॉरने सविस्तर बातमी बाहेर जाऊ द्यायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. पण एप्रिल म्हणजे बोटी चालू, चाकरमानी तसेही आंब्या-फणसाला गावी यायच्या बेतात. इथे माणूस वर्तमानपत्राच्या पुढे धावतो. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट बातमी घेऊन येते, आणि प्रत्येक उतारू वेगळी हकिकत सांगतो : जपानी आले, विमानातून टाकलं, सोनं आकाशातून पडलं. यातलं सोन्याचं खरंच होतं, हीच गंमत आहे. धाकटा गिरणीत आहे म्हणता, तर एका प्रकरणात हे घ्या. दोन प्रकारच्या बातम्या, एक घाटावरून रखडत आलेली आणि एक बोटीने धावत आलेली, एकाच कादंबरीत ठेवल्या की वाचकाला काळ न सांगता कळतो.

आणि काही गोष्टी कळल्याच नाहीत असंही लिहायला हवं. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगावच्या बंदरात जर्मन जहाजं पेटली. गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे तटस्थ. वेंगुर्ल्याच्या बाजूला त्याची कुजबुज पोचली असेल. पण ते काम कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी केलं होतं, ही गोष्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस उघड झाली. १९४३ मधल्या पात्राच्या तोंडी ती घातलीत की कादंबरी तिथेच फसली.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगतो, कारण सरसकट सल्ला इथे चालत नाही. घर कोणाचं, त्यावर युद्धाचा अर्थ बदलतो. दापोलीला इंग्रजांचं लष्करी ठाणं होतं, आणि आसपास महार पेन्शनरांची वस्ती फार जुनी. मध्ये कित्येक वर्षं महारांची भरती बंद होती. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली. त्या घरातल्या मुलाला वर्दी म्हणजे आजोबांचा काढून घेतलेला हक्क परत मिळणं. पण रजेवर आल्यावर विहिरीचं काय, हा प्रश्न तसाच. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ चा, तरी गावागावांतल्या पाणवठ्यांवर काय चालू होतं ते तुम्हाला घरच्या माणसांकडून कळेल. कोकणी मुसलमान घर असेल तर मुलगा बहुधा जहाजावर खलाशी. व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशी या युद्धात गेले. त्या घरांत थडगं नसतं, तारीख अंदाजाची असते. मराठा कुणब्याच्या घरात आणखी वेगळं. तुम्ही घराची जात दीडशे पानांत कुठे स्पष्ट केलेली दिसत नाही. ती केल्याशिवाय बाई पाट लावू शकते, म्हणजे दुसरं लग्न करू शकते, की नाही हेच ठरत नाही, आणि बेपत्ता सैनिकाच्या कादंबरीत तो कळीचा मुद्दा आहे.

कायद्याची बाजूही तपासा. पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यात कलम १०८ होतं : सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर. लष्कराने स्वतःहून मृत्यूचा दाखला दिला तर गोष्ट लवकर मिटते, नाही दिला तर सात वर्षं. तोवर जमिनीला वारस लागत नाही. गावच्या तलाठ्याकडचं फेरफार रजिस्टर म्हणूनच महत्त्वाचं. वारस नोंद कोणत्या साली पडली हे पाहिलंत की घराने ‘पटलं’ कधी, याची तारीख अनेकदा हातात येते. त्याच्या आगेमागे गहाणाची नोंद असेल तर घर किती ओढीत होतं तेही दिसतं. अशी एक नोंद दहा मुलाखतींच्या तोडीची असते. आठवणी गोड होत जातात, फेरफार होत नाही.

पलटण आणि नाव शोधायचं तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. पुष्कळ नोंदींत बापाचं, बायकोचं नाव आणि गाव दिलेलं असतं. अडचण स्पेलिंगची. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे एकच आडनाव चार-पाच प्रकारे टाकून बघा. नाव सापडत नसेल तर रत्नागिरी जिल्हा आणि मराठा लाइट इन्फंट्री एवढंच धरून यादी चाळा. त्या काळी आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता, सावंतवाडी मात्र संस्थान. हिंदू सैनिकांचं दहन झालं असेल तर नाव कबरीवर नसून स्मारकावर असतं : इटलीत सांग्रो नदीजवळ, एरिट्रियात केरेनला. वर्तमानपत्रांसाठी रत्नागिरीचं नगर वाचनालय, १८२८ चं, आणि मुंबईचं पुराभिलेखागार. जुने अंक मिळाले तर अग्रलेख वाचत बसू नका. जाहिराती आणि बाजारभाव उतरवून घ्या.

पोटाकडे वळू, कारण घरात युद्ध शिरायची मोठी वाट ती. कोकणात भात पिकतं ते खाणाऱ्यांना पुरत नाही, हे लढाईआधीपासूनचं. ती तूट भरून काढण्यात रंगूनच्या तांदळाचा मोठा हात होता. ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं आणि ती आवक थांबली. याचा चटका मार्चमध्ये बसत नाही. तेव्हा कणगीत अजून भात असतं. चटका बसतो आषाढ-श्रावणात, लावणीला माणसं लावायची असतात, त्यांना जेवण द्यायचं असतं आणि कणगीचा तळ दिसतो. इथेही तेच : कारण मार्चचं, परिणाम जुलैचा. मधले महिने घरात ते कोणाच्या ध्यानातही नसतं, फक्त वाणी उधारी द्यायला कुरकुरू लागतो. रॉकेलही बरंचसं ब्रह्मदेशातून येई, तेही आटलं. मग उंडीचं नि करंजाचं तेल पुन्हा दिव्यात आलं. त्याचा धूर आणि वास लिहा, कारण ज्या घरात रॉकेल कौतुकाने आलं होतं तिथे ही पीछेहाट सुनेला रोज काजळी पुसून सोसावी लागते. मुंबईत मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झालं, म्हणजे धाकट्याच्या खोलीतही माप आलं. कंट्रोलमध्ये, म्हणजे सरकारी वाटपात, तांदळाऐवजी ज्वारी-बाजरी पदरात पडली की उकड काढून तांदळाची भाकरी थापणाऱ्या हाताला ते पीठ ऐकत नाही. असा एक प्रसंग युरोपावरच्या दहा परिच्छेदांचं काम करतो.

पैशाचं गणितही असंच सांभाळा. लढाईच्या चार वर्षांत घाऊक भाव दुपटीहून वर गेले. पलटणीतून लावून दिलेली रक्कम मात्र बेताबेतानेच वाढली. म्हणजे मनीऑर्डर तेवढीच येते आणि पायल्या कमी होतात. हे आकड्यांत सांगू नका. त्याच रकमेत आधी काय काय यायचं आणि आता काय येत नाही, एवढंच बाईच्या हिशेबात दाखवा. नाण्यांचाही उपयोग करा. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, एक रुपयाची नोट आली, १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. म्हातारी माणसं जुने रुपये पुरून ठेवतात, नवा वाजवून नाक मुरडतात. राज्य बदलतंय की काय ही शंका त्यातून येते, भाषणातून येत नाही.

मात्र सगळ्यांचे हालच झाले असं लिहू नका. युद्धाच्या कादंबऱ्यांचा हा एक मोठा खोटेपणा आहे. गिरण्या तीन-तीन पाळ्या चालल्या, मुंबईत हाताला काम मिळालं, साठेबाज वाण्याचं घर कौलारूचं दुमजली झालं, आणि काही घरांत पहिल्यांदाच दरमहा रोख पैसा दिसू लागला. तुमचा धाकटा लढाईमुळे कमावतो आणि थोरला लढाईमुळे हरवतो, हा ताण तुमच्या हातात आयता आहे आणि तुम्ही तो वापरलेला नाही. आईच्या मनात लढाई संपावी आणि संपूही नये, अशी एक ओळ तरी कुठे उमटू द्या.

रणांगणावरची प्रकरणं घालावीत का? माझं मत नको. सैनिकाची स्वतःची डायरी वा सविस्तर कथन हाताशी असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर वाळवंटातली लढाई तुम्ही चित्रपटातून उचलाल आणि गावाच्या प्रकरणांचा खरेपणा उणा पडेल. घालायचंच असेल तर सत्तर हजार शब्दांत सहा-सात हजारांच्या वर जाऊ नका. ते प्रकरण जून १९४२ च्या जागीही ठेवू नका. घराला जेव्हा कळतं तिथे, म्हणजे तो परत आल्यावर किंवा त्याचा सोबती घरी येऊन बसतो तिथे ठेवा. शौर्याच्या मोहातही पडू नका. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो पराक्रम नोंदलेला आहे आणि त्याला तुमच्या कल्पनेची गरज नाही. तुमचा माणूस नोंद न झालेल्यांपैकी आहे.

पत्रं लिहिताना एक खबरदारी. सेन्सॉर असे, त्यामुळे ठिकाण, हवामान, पलटणीची हालचाल काही लिहिता येत नसे. बरेच जण दुसऱ्याकडून लिहून घेत. म्हणून पत्र थोडकं आणि साचेबंद हवं : तीर्थरूपांस शिरसाष्टांग, आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवणे, पाड्याला पावसाआधी गोठा शाकारून घेणे, रक्कम पोचल्याचं उत्तर धाडणे. बायकोचं नाव त्यात येणारच नाही. पत्र ओटीवर मोठ्याने वाचलं जाणार हे त्याला ठाऊक आहे. तुमच्या मसुद्यातलं तीन पानांचं प्रेमपत्र म्हणूनच खोटं वाटतं. गोठ्याची ती एक ओळ तिच्यासाठी आहे, हे वाचकाला समजेल अशी मांडणी आधीच्या प्रकरणात करून ठेवा.

बारीक चुका भराभर सांगतो. १९४३ मध्ये एसटी नाही, ती १९४८ ची. कोकण रेल्वे १९९८ ची. पेट्रोलची टंचाई होती, त्यामुळे खाजगी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवत, मागे भट्टी लावून. चढावर उतारूंनी उतरून चालायचं. पैसा आणे-पैचा : रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. माप शेर, पायली, मण. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारी घड्याळ एक तास पुढे होतं. त्यामुळे शाळा, पोस्ट, कचेरी एका वेळेवर आणि गुरंढोरं दुसऱ्या. ‘दुसरं महायुद्ध’ हा शब्द संवादात नको. लोक ‘लढाई’ म्हणत, आणि म्हाताऱ्यांसाठी ‘जर्मनची लढाई’ म्हणजे आधीची. बोलीचं तर विशेष बघा. तुमच्या दापोलीच्या आजी तिसऱ्या प्रकरणात चक्क मालवणी बोलतात. किनारा एक असला तरी बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत बोली कितीदा बदलते, आणि खारवी, कुणबी, चित्पावन, कोकणी मुसलमान यांच्या एकाच गावातल्या बोलीही निराळ्या. हे पुस्तकातून जमत नाही. त्या त्या समाजातल्या वयस्क माणसाला संवाद मोठ्याने वाचून दाखवा, तो जिथे हसेल तिथे खूण करा.

शेवट १५ ऑगस्ट १९४५ ला करू नका, असंही सुचवतो. जपानची शरणागती गावात काही बदलत नाही, कंट्रोल पुढेही चालूच राहतो. सैनिक लगेच सुटून येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नाविक दलाच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यावरून नाविकांचं बंड पेटलं आणि नाविक दलात रत्नागिरीकडची मुलं कमी नव्हती, म्हणजे लढाई संपल्यावर काही घरांची काळजी नव्याने सुरू झाली. तुमचा काळ १९४६ पर्यंत आहेच, तो पुरा वापरा. आधी तक्ता करा, पहिली चाळीस पानं त्यावर घासून बघा आणि मग ठरवा काय ठेवायचं. माझ्या अंदाजाने निम्मी पानं राहतील, पण ती जागा बदलतील. थोरला परत येतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि ते मला विचारूही नका. फक्त घरातल्या कोणाला ते आधी कळणार आणि तो किती दिवस गप्प बसणार, हे तक्त्यात भरल्याशिवाय शेवटचं प्रकरण लिहायला घेऊ नका.